कुमुदआत्याची हलकी बंदूक

"ही धर बघू," कुमुदआत्या म्हणाली आणि काउंटरवरची बंदूक तिने माझ्या हातात दिली.

मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरत होते. दुकान मोंटानातल्या एका लहानशा गावातलं. एका भिंतीवर हरणांची शिंगं, दुसऱ्या भिंतीवर मासे धरायचे गळ, आणि मधल्या फळीवर लहान मुलांचे लोकरीसारखे दिसणारे मोजे. दुकानदार रॉय माझ्या हातांकडे बघत होता. नवख्या बाईच्या कडेवर आपलं मूल दिल्यावर आई बघते, तसा.

"कशी वाटते?" आत्याने विचारलं.

"जड."

"किती जड?"

"वजनकाटा आहे का इथे?"

आत्या रॉयकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "माझ्या भावाची मुलगी. शास्त्रज्ञ आहे. हिला सगळं मोजावं लागतं." मग मला मराठीत, "तोंडली घेतेयस का गो मंडईत? खांद्याला लाव ती."

कुमुदआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. गुहागरची. नर्स म्हणून अमेरिकेत आली आणि आर्ने हाल्वरसन नावाच्या मेंढपाळाशी लग्न करून मोंटानातच राहिली. आमच्या घरात तिचं नाव निघालं की कोणीतरी विषय बदलत असे. तिचं मराठी तिने गाव सोडलं त्या दिवशी जसं होतं तसंच राहिलं होतं. मला कधीकधी वाटे की मी माझ्या आजीशीच बोलते आहे, फक्त आजीने जीन्स आणि गमबूट घातले आहेत. आर्ने जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती एकटी, तिच्या मेंढ्या, आणि तिला शहरात न्यायला टपलेला तिचा मुलगा नील.

खरं तर मी तिथे होते ती नीलमुळे. मी तीन तासांच्या अंतरावर एका विद्यापीठात लोकरीच्या तंतूंची जाडी मोजण्याचं काम करत होते. त्या मार्चमध्ये त्याचा सिअॅटलहून फोन आला.

"उल्का, मागच्या वसंतात आईची इतकी कोकरं कायोटींनी नेली की मोजायचं सोडून दिलं तिने. राखणीचा कुत्रा मेला. नवं पिल्लू तयार व्हायला वर्ष जाईल. ती म्हणते डॅडची रायफल जड झाली, खांदा दुखतो, हलकी घेतली की सगळं ठीक होईल. मी म्हटलं, ठीक आहे. कोकरं व्हायच्या आत तू स्वतः राखण करू शकतेस असं दिसलं तर राहा. नाहीतर मेंढ्या विकायच्या आणि इकडे यायचं. ती कबूल झालीय. तू जा, बघ, आणि रविवारी मला खरं काय ते सांग."

"मीच का?"

"कारण तू मोजशील. मी गेलो तर आम्ही भांडू."

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा तिकडचा प्राणी. तो मला तोपर्यंत फक्त रस्त्याच्या कडेला मेलेला दिसला होता. पण प्रश्न मला आवडला. हलकी बंदूक घेतल्याने माणसाचा नेम सुधारतो का? हे मोजता येण्यासारखं होतं.

रॉयने काउंटरवर एकूण तीन बंदुका मांडल्या होत्या. तिन्ही एकाच जातीच्या, एकाच मापाची गोळी घेणाऱ्या. घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते; हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागत नाही. फरक होता तो मुख्यतः नळीच्या जाडीत. पहिलीची नळी जाड, दुसरीची मध्यम, तिसरीची इतकी बारीक की मला ती खेळण्यातली वाटली.

"हलकी चांगली, नाही का?" मी रॉयला विचारलं. "दिवसभर डोंगरात हिंडायचं तर."

"हिंडायला चांगली," रॉय म्हणाला. तो सावकाश बोलणारा माणूस होता, दर वाक्यानंतर मिशीवरून बोट फिरवायचा. "नेम धरायला नव्हे. जड बंदूक एकदा स्थिरावली की स्थिरावते. हलकी तुमच्या श्वासाबरोबर हलते. शिवाय बारीक नळी चारदोन गोळ्यांत तापते आणि गोळ्या भरकटायला लागतात."

"म्हणजे वजन वाढलं की थरथर कमी, पण दमणूक जास्त."

"तसंच."

"मधे कुठेतरी एक बिंदू असणार, जिथे दोन्ही सोसतील."

रॉयने आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं?"

तिसरी बंदूक तिने उचलली, हातात तोलली आणि लगेच माझ्याकडे दिली. रॉय माझ्या मागे येऊन उभा राहिला. तिचा खांद्याला टेकवायचा दस्ता मागेपुढे सरकत होता, त्याला खाचा होत्या. त्याने माझं कोपर वाकवून दस्ता एकेक खाच आत घेत अगदी शेवटच्या खाचेवर आणला.

"असाच राहू दे," आत्या म्हणाली.

मला वाटलं, खांदा दुखतो म्हणून तिला आखूड हवा असेल. आत्या तशी उंच. आमच्या ओकांच्या घरातल्या सगळ्या बायका उंच. मी आईवर गेले.

"कोणती घ्यायची?" मी विचारलं.

"तूच सांग. मोजून."

"असं इथे उभं राहून नाही सांगता यायचं. बंदुका झाडून बघायला हव्यात. तिन्ही. दोघींनी."

"दोघींनी कशाला गो? तू झाड. मी बघते."

"एकटीच्या निकालाला काय अर्थ आहे? बंदुकीचा दोष कुठला आणि माणसाचा कुठला, ते कसं कळणार? तुलना करायला दुसरं कुणीतरी लागतं. आणि वापरणार तर तू आहेस."

 आत्या फळीवरचा मोज्यांचा जोड उचलून बोटांनी त्याची वीण चाचपत राहिली. "मेलं नायलॉन," ती म्हणाली.

दुकानातल्या बंदुका नव्या होत्या, पण रॉयच्या घरी तशाच तीन होत्या, दोन त्याच्या आणि एक त्याच्या बायकोची. त्या तो उसन्या द्यायला तयार झाला. त्याने मला दुकानामागच्या मोकळ्या जागेत गोळी चुकून सुटू नये म्हणून खटका कसा लावायचा, नळी रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने कसं पाहायचं, घोड्यावर बोट केव्हा न्यायचं ते सगळं शिकवलं. दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. आत्या गाडीत बसून राहिली. परत जाताना गाडी मीच चालवली. येतानाही मीच चालवली होती. तिला माझं चालवणं बघायचं होतं म्हणे.

"तिथे शनिवार-रविवार काय करतेस?" तिने वाटेत विचारलं.

"कपडे धुते. आठवड्याची भाजी चिरून ठेवते."

"दोन्ही दिवस?"

"रविवारी फोन असतो आईबाबांचा."

"हं," आत्या म्हणाली. "मोठाच कारभार आहे."

तिच्या घरामागे एक लांब उतार होता. उताराच्या शेवटी मातीचा उंच कडा. आर्ने तिथेच बंदुका झाडून बघायचा. मी गवताच्या गठ्ठ्यावर पुठ्ठ्याची पांढरी पाटी टेकवली, तिच्यावर कागद लावला, कागदाच्या मधोमध लिंबाएवढं काळं वर्तुळ काढलेलं होतं. शंभर यार्डांवर परत येऊन जमिनीवर बसले. दोन काठ्या वर बांधून केलेली कैची पुढ्यात रोवली आणि तिच्या बेचक्यात बंदूक ठेवली.

त्याआधी मी आत्याच्या कोठीतल्या लोकरीच्या काट्यावर तिन्ही बंदुका नळीवरच्या दुर्बिणीसकट तोलल्या होत्या. जाड नळीची साडेचार किलोच्या आसपास, मधली साडेतीन, बारीक नळीची तीनला थोडी कमी.

पहिल्या गोळीने माझे दातच एकमेकांवर आपटले. धक्का तसा फार नव्हता, दचकणं माझं होतं. पण काही गोळ्यांनंतर मला त्यात गोडी वाटू लागली. दुर्बिणीतली उभी-आडवी रेघ माझ्या नाडीबरोबर हलते हे मला दिसत होतं, आणि श्वास सोडून संपल्यावर पुढचा घेण्याआधी एक छोटीशी शांतता असते हे कळत होतं. जाड नळीच्या बंदुकीने माझ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत पडल्या. मधलीने त्याहून थोड्या पसरट. बारीक नळीने जेवणाच्या ताटाएवढ्या. रॉय म्हणाला होता तसंच. मी खूश झाले.

मग आत्या बसली. ती बसली की लगेच कळत होतं की या बाईने जन्मभर बंदूक हाताळली आहे. खांदा, गाल, कोपर, सगळं आपोआप जागेवर गेलं. ती घाई न करता, एकेक करून झाडत होती. मी दरवेळी उतार उतरून जायचे, कागद बघायचे, नवा लावायचे.

"कसे आहेत?" ती वरून ओरडून विचारायची.

"ताटाएवढे."

जाड नळी: ताटाएवढे. मधली: ताटाएवढे. बारीक: ताटाएवढे.

मी तीन कागद शेजारी शेजारी गवतावर पसरून उकिडवी बसले. हे बरोबर नव्हतं. नेम वाईट असण्याबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. माझाही वाईटच होता. पण माझा वाईटपणा बंदुकीप्रमाणे बदलत होता. तिचा बदलतच नव्हता. दीड किलोचा फरक, आणि निकालावर त्याचा ओरखडाही नाही. प्रयोगशाळेत असं झालं की आम्ही एकच गोष्ट समजतो: जे आपण बदलतो आहोत त्याचा या निकालाशी संबंध नाही. कारण दुसरीकडे आहे.

"काय चुलीवर भाकरी भाजत बसल्यासारखी बसलीस गो?" आत्या वरून म्हणाली.

"विचार करतेय."

"थंडी वाजतेय मला. विचार आत येऊन कर."

मी वर गेले. "आत्या, एकदा पोत्यावर टेकवून झाडूया. हातांची थरथर काढून टाकूया हिशेबातून."

खाद्याची दोन पोती आणली, त्यांच्यावर जाड नळीची बंदूक घट्ट बसवली. माझ्या गोळ्या एकदम आक्रसल्या, मोठ्या लिंबाएवढ्या जागेत आल्या. इतकं समाधान मला पुष्कळ दिवसांत कशाने झालं नव्हतं. आत्याने झाडल्या.

ताटाएवढे.

म्हणजे हात नव्हे. खांदाही नव्हे. पोत्यावर ठेवलेली बंदूक खांद्याच्या दुखण्याने हलत नाही. उरलं काय? मी कागद काढता काढता घराकडे पाहिलं. आत्या पोत्यांमागे बसली होती, चेहरा माझ्याकडे, पण किंचित बाजूला वळवलेला. कोंबडी दाण्याकडे बघते तसा. सकाळपासून ती माझ्याकडे असंच बघत होती. मला ती तिची लकब वाटली होती.

मी नवा कागद घेतला आणि उलटा लावला. कोरी बाजू वर. पांढऱ्या पाटीवर पांढरा कागद, वर्तुळ नाही, काही नाही.

वर येऊन मी तिच्याशेजारी बसले. "झाड," म्हटलं.

तिने दुर्बिणीला डोळा लावला. मी तिच्या बोटाकडे बघत होते. ते जराही अडखळलं नाही. ती श्वास सोडून थांबली, झाडली, पुन्हा थांबली, झाडली. मॅगझिन संपलं तेव्हा तिने खटका लावला आणि मागे रेलून खांदा चोळला.

"आता बरे लागले असतील," ती म्हणाली.

"लागले असतील."

"वर्तुळात?"

मी उत्तर द्यायला उशीर केला. फार नाही. एखादा श्वास.

"कागद उलटा लावलास होय गो," आत्या म्हणाली.

वारा उतारावरून वर येत होता, त्याला मेंढ्यांचा वास होता. तिने बंदुकीतून मॅगझिन काढलं, नळी बोटाने तपासली, आणि बंदूक पोत्यावर आडवी ठेवली.

"आर्ने असाच होता," ती म्हणाली. "तोंडाने विचारायचा नाही. काहीतरी करून बघायचा."

"काय दिसतं तुला?"

"कडेकडेचं सगळं दिसतं. पाटीच्या कडा दिसतात, मग मधोमध कुठे असेल ते धरते. तुझे कान दिसतात, कानातले दिसतात. चेहऱ्याच्या जागी करडा डाग. डॉक्टर म्हणतो, डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. उजवा आधी गेला, आता डावा चाललाय मागोमाग. चालता येतं, चूल पेटवता येते, मेंढीचं बाळंतपण करता येतं. ते तर मी हातानेच करते. वाचता येत नाही. नेम धरता येत नाही."

"नीलला सांगितलं नाहीस."

"सांगितलं की तो गाडी घेऊन येईल."

"मग हे सगळं कशाला?" मला आता राग यायला लागला होता. "रॉयला कशाला त्रास दिलास? मी सकाळपासून उतार चढतेय-उतरतेय. न दिसणाऱ्या माणसाने बंदूक चालवायची म्हणजे, आत्या, ते नुसतं खोटं नाही, धोक्याचं आहे. गोळी कुठेही जाईल."

"मी कुठे म्हटलं, मी चालवणार?"

मी तिच्याकडे बघत राहिले.

"दस्ता कुणाच्या कोपराला बसवून घेतला मी?" ती म्हणाली. "माझा हात केवढा, तुझा केवढा. सकाळपासून प्रत्येक बंदूक कुणाच्या हातात देतेय? मला झाडायच्याच नव्हत्या. तूच म्हणालीस, दोघींनी, नाहीतर तुलना कशी होणार. शास्त्रज्ञ ना गो तू?"

मला एकदम हसू आलं आणि ते आल्याचाही राग आला.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं, आत्याबरोबर कायोटी मारायला येशील का, तर तू काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"म्हणून."

"आताही म्हणू शकते."

"म्हण की. कोण धरतंय तुला? मी म्हटलं, आधी एकदा बंदूक हाताला बसू दे. मग म्हणेल ते खरं."

ती उठली. उठताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला, तेवढाच. "आर्ने असताना मी कुठे मारत होते," ती म्हणाली. "मी बोलवायचे आणि तो मारायचा. तीस वर्षं. बोलवायला डोळे लागत नाहीत. आजूबाजूचे सगळे तेव्हा आपापल्या कोकरांत गुंतलेले असतात, सरकारी शिकारी बोलावला की आठवड्याने येतो. कुणीतरी माझं माणूस पाहिजे. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. एकदाच. मग नीलला जे सांगायचं ते सांग. मी फोनपाशी येणार नाही."

रविवारी उजाडायच्या सुमारास आम्ही निघालो. रात्री बर्फ पुन्हा गोठलं होतं आणि त्याच्यावर पापडी धरली होती. पाऊल पडलं की कुर्रकन आवाज व्हायचा. मी तिसरी, बारीक नळीची बंदूक घेतली होती. नेम धरायला ती वाईट, हे माझ्याच कागदांवर लिहिलेलं होतं. पण अर्ध्या डोंगरावर पोचलो तेव्हा माझे हात थरथरत नव्हते. जड बंदूक घेतली असती तर थरथरले असते, आणि मग तिच्या स्थिरपणाचा काय उपयोग? हे मी आत्याला सांगितलं.

"हे मोजलंस कशाने?" तिने विचारलं.

"नाही मोजलं."

"बरं झालं."

एका खडकाच्या आडोशाला ती पाठ टेकून बसली. मला तिने थोडं पुढे, उजव्या अंगाला बसवलं. कैची रोवून घे म्हणाली, आणि वारा समोरून येतोय याची गालाने खात्री करून घेतली. "दोन येतील," ती कुजबुजली. "या दिवसांत जोडीने हिंडतात. पहिला पडला की दुसरा पळतो. मी त्याला थांबवते. पण थांबतो तो क्षणभरच. आर्ने बोल्ट ओढेपर्यंत बऱ्याचदा निघून जायचा. म्हणून ही बंदूक. कळलं?"

"कळलं."

तिने आपल्या हाताच्या मागच्या बाजूला ओठ लावले आणि आवाज काढला. मी तो आवाज आजही नीट सांगू शकत नाही. जखमी सशाचा म्हणतात. पातळ, चिरका, मधेच गुदमरणारा. सत्तरी ओलांडलेल्या, गुहागरच्या, काल नायलॉनला नावं ठेवणाऱ्या बाईच्या तोंडून तो निघतो आहे यावर विश्वास बसत नव्हता. ती थांबायची, ऐकायची, पुन्हा काढायची.

बराच वेळ काही झालं नाही. मग ती म्हणाली, "डावीकडून. ओढ्याच्या अंगाने."

मला काही दिसत नव्हतं. मग ऐकू आलं. कुर्र, कुर्र, कुर्र, अगदी हलकं. आणि मग ओढ्याच्या काठच्या झुडपांतून एक कायोटी बाहेर आला, करडा-तांबूस, मी समजले होते त्यापेक्षा देखणा. मागे दुसरा.

पहिला आमच्या दिशेने धावत आला आणि थबकला. दुर्बिणीत त्याचे कान दिसत होते, छातीवरची फिकट लव दिसत होती. मी श्वास सोडला. मला तेव्हा काय वाटत होतं असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर मी रेघेकडे बघत होते. रेघ थांबली आणि मी घोडा दाबला.

तो जागच्या जागी पडला. हललाही नाही.

आवाजाचा घुमारा डोंगरात फिरत असतानाच माझ्या मागे आत्या रडली. म्हणजे पिल्लू रडलं. कुत्र्याचं लहान पिल्लू पायाखाली आल्यावर केकाटतं तसं. पळत सुटलेला दुसरा एकदम थांबला. वळला. त्याने आधी आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि मग पडलेल्याकडे.

बंदुकीत पुढची गोळी येऊन बसलेली होती. मला फक्त बोट हलवायचं होतं. रेघ त्याच्या खांद्यावर होती, स्थिर, कालच्या कुठल्याही कागदापेक्षा स्थिर. तो पडलेल्याच्या दिशेने दोन पावलं परत आला.

"दुसरा?" आत्या कुजबुजली.

"गेला," मी म्हटलं.

तो उभा होता. नाक वर करून वास घेत होता. मागे आत्याने आवाज काढला नाही, मला काही विचारलं नाही. आम्ही तिघंही तसेच राहिलो. मग तो वळला आणि झुडपांकडे चालू लागला, आधी सावकाश, मग भरभर. कुर्र, कुर्र, कुर्र.

आवाज पार विरेपर्यंत आत्या थांबली.

"आत्ता गेला," ती म्हणाली.

मी खटका लावला.  तिने काही ठपका ठेवला नाही. खडकाला धरून उठली, गुडघ्यांवरचं बर्फ झटकलं. "हा परत यायचा नाही इथे," ती म्हणाली. "पण दुसरे येतील. कोकरं झाली की रोज येतात. तेव्हा 'गेला' म्हणून भागत नाही, उल्के."

"ठाऊक आहे."

"एवढंच सांगून ठेवते. आणि नीलशी खोटं बोलू नकोस. तुला येत नाही ते."

घरी आल्यावर मी हात धुतले, ते कितीदा धुतले ते लक्षात नाही. आत्याने चहा टाकला. चहातलं आलं ती किसायची नाही, दगडाने ठेचायची. तो आवाज स्वयंपाकघरात चालू होता तेव्हा मी बाहेरच्या खोलीतून नीलला फोन लावला. ती बोलली होती तशी फोनपाशी आली नाही.

"नील, आत्याला दिसत नाही," मी म्हटलं. "मधलं दिसत नाही, दोन्ही डोळ्यांनी. हलकी बंदूक घे की जड घे, तिचा नेम लागणार नाही."

 तो म्हणाला, "मला वाटलंच होतं काहीतरी. गेल्या नाताळात तिने मला दारात ओळखलं नाही, मी बोललो तेव्हा ओळखलं. मग झालं. मी पुढच्या आठवड्यात येतो. मेंढ्यांसाठी एक गिऱ्हाईक आहे."

"थांब. तुझी अट काय होती? राखण व्हायला हवी."

"तिने करायला हवी, असं ठरलं होतं."

"ती बोलावते. मी आज ऐकलं. दोन आले, तिने सांगितलं त्या बाजूने, तिने सांगितलं तेव्हा. एक मेला."

"कुणी मारला?"

"मी."

"तू?" त्याच्या आवाजात पहिल्यांदा हसू आलं, मग ते गेलं. "आणि दुसरा?"

"दुसरा मी सोडला. मारता येत होता, मारला नाही. तेही तुला सांगतेय. पुढच्या वेळी सोडीन की नाही ते मला माहीत नाही. ते इथे येऊनच कळेल. पण शुक्रवारी संध्याकाळी मी निघू शकते आणि सोमवारी पहाटे परत जाऊ शकते. मधल्या दिवसांत रॉयकडचं कुणी येईल का ते विचारता येईल, त्यालाही बोलावणारं माणूस लागेलच. मी येताना नळाचा पाना घेऊन येईन, आत्याच्या न्हाणीत गळती आहे. आणि तिचे डोळे दाखवायला मी नेते, विद्यापीठात चांगला डॉक्टर आहे."

एवढं सलग मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. बहुधा कुणाशीच.

"उल्का," तो म्हणाला, "तिने तुला पटवलंय."

"हो."

"काय सांगून?"

"काही सांगितलं नाही. बंदूक हातात दिली."

 स्वयंपाकघरातला दगडाचा आवाज थांबला होता.

"किती दिवस करशील हे?" त्याने शेवटी विचारलं.

"कोकरं मोठी होईपर्यंत."

आतून भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला आणि मग आत्याचा, अगदी रोजचा, मीठ मागावं तसा.

"दर वर्षी, म्हणावं त्याला."

मी तेही सांगितलं.